मधुमतीची हरकत

"तुझ्यावर लिहिणार आहे, नाव बदलू का?" असं मी मधुमतीला विचारलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको. नाव सांभाळण्यापायीच सगळं झालं. आता राहू दे तेच."

तेव्हा नाव तेच आहे. मधुमती टिपणीस. लंडनच्या हॅरोला आमच्या दोघींच्या घरांत चार दारांचं अंतर, आणि इतक्या वर्षांत त्या चार दारांमधून वाट्या, पातेली, औषधं आणि भांडणं किती गेली-आली त्याला गणती नाही. मी मंजिरी. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग खात्यात जन्म काढला, त्यामुळे सरकारी इंग्रजी मला कळतं आणि सरकारी माणसांचा मला राग येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे माझा आवाज चढणार आहे.

मधुमती लॉलिपॉप बाई होती. शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला 'स्टॉप' लिहिलेली गोल पाटी. वीर, तिचा एकुलता मुलगा, पहिलीत गेला तेव्हा त्याच्याबरोबर जाता-येता यावं म्हणून तिने ही नोकरी धरली. वीर मोठा होऊन ऑफिसला जायला लागला तरी ही आपली तिथेच. पायात बूट, साडी घोट्याच्या वर, अंगावर तो पिवळाजर्द चमकणारा कोट. इंग्रज, गुजराती, सोमाली, पोलिश, सगळ्यांची पोरं तिला मिसेस टी म्हणायची. एकदा तिने पोलिसांची गाडी थांबवून धरली होती, कारण शेवटच्या मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती. नाडी बांधून झाली, मुलगी पलीकडे गेली, मग बाईंनी पाटी खाली केली. पोलीस मुकाट्याने गेले.

पण रस्त्यावर कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये शिरली की वेगळीच व्हायची. आवाज मऊ, पदर नीट, आणि घरातलं सगळं उत्तम. नेहमीच उत्तम. तिच्या नवऱ्याला, राजीवला, पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा तिने मंडळात अ‍ॅसिडिटी सांगितली. शेवटपर्यंत अ‍ॅसिडिटी. लोक भेटायला आले ते थेट तेराव्याला, आणि एकमेकांना हळूच विचारत होते की अ‍ॅसिडिटीने माणूस जातो का. मी तिच्यावर तेव्हा चिडले होते. ती म्हणाली, "कशाला चार लोकांच्या तोंडी द्यायचं, मंजू? कीव करतात गं, आणि मग फराळाला बसतात."

आता वीरबद्दल. हे मला फार उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हीही आम्हा सगळ्यांसारखे मधुमतीचं कौतुक करत बसाल.

वीरला पैजेचं व्यसन होतं. युनिव्हर्सिटीत असताना शनिवारच्या फुटबॉलवर मित्रांबरोबर लावायचा. मग टेनिस, मग घोडे, मग अशा देशांमधल्या मॅच की ज्यांची नावं त्याला धड उच्चारता यायची नाहीत. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड, मंडळाचा गणपती डोक्यावर घेऊन नाचणारा पोरगा. वडील गेल्यावर तो पार वाहवत गेला. विमा कंपनीतली नोकरी गेली, आणि एका रविवारी तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून म्हणाला, "आई, मला थांबायला येत नाही. माझा चूक झाला. पण मी चोरी नाही केला. इट्स कम्प्लीटली लीगल."

त्याला हीच गोष्ट कळत नव्हती की कायदेशीर आहे म्हणजे बरं आहे असं नसतं. आणि त्याला तरी का दोष द्यावा? मधुमती डोंबिवलीची. तिथे तिच्या लहानपणी आकडा लावणारा माणूस इकडेतिकडे बघून बोळात शिरायचा. पोलिसांची नाही तरी शेजाऱ्यांची भीती असायची. इथे पैजा घेणाऱ्या दुकानाला मोठ्या अक्षरांत पाटी, दारात गालिचा, काउंटरवर हसणारी मुलगी. केमिस्टच्या शेजारी, पोस्टाच्या समोर. अशा ठिकाणी जाणारा आपला मुलगा बुडतोय हे आईच्या लक्षात येणार कसं?

त्या रविवारी मात्र ती कंबर कसून उठली. त्याचं बँकेचं कार्ड काढून घेतलं. त्याला हाताला धरून गावातल्या एकेका दुकानात नेलं. "मला आत घेऊ नका" असं आपण स्वतःच फोटोसकट लिहून द्यायची तिथे सोय असते, ते सगळीकडे लिहून द्यायला लावलं. स्वतः बाहेर फुटपाथवर उभी राहिली, ओळखीचं कुणी येत नाही ना ते बघत. वीरला दुसरी नोकरी लागली. रोज सकाळी ती त्याच्या हातावर जेवणापुरते पैसे ठेवायची. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, पोरगा सुधारला. खरंच सुधारला होता, यात मला शंका नाही. आणि हे सगळं आमच्या गल्लीत, माझ्या नाकाखाली चाललं होतं आणि मला गंधसुद्धा नव्हता.

मग सरकारने आपलं डोकं चालवलं. जुगाराचा नवा कायदा झाला दोन हजार पाच साली, लागू झाला सात सालच्या शरदात. तोवर टीव्हीवर पैजेच्या दुकानांच्या जाहिराती नसत, त्या यायला लागल्या. फुटबॉलची मॅच लागली की मध्यंतरात हमखास. मधुमती तेवढ्यात धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन टीव्हीच्या बरोब्बर समोर उभी राहायची आणि चादरी झटकून झटकून घड्या घालायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, सरक की बाजूला, दिसत नाहीये." ती म्हणाली, "जाहिरातीत काय बघायचंय?"

त्याच दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात वीरला ऋजुता भेटली. पुण्याची मुलगी, व्हिसावर आलेली, लंडनबाहेर मेडनहेडला सॉफ्टवेअर कंपनीत. हुशार, मोकळी, हसली की डोळे बारीक होणारी. दोघांचं पटकन जमलं. तिच्या वडिलांनी पुण्याहून रीतसर चौकशी केली. आपल्याकडे चौकशी म्हणजे काय, तर मुलाच्या ओळखीच्या लोकांना फोन करायचा आणि ते काय सांगतात ते ऐकायचं. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, सोन्यासारखा मुलगा. खोटं कुणीच बोललं नाही. ज्यांना विचारलं त्यांना माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिने पत्रिका जुळते का एवढंच विचारलं.

ऋजुताला सांगायचं की नाही, यावर मायलेकांचं एकदा बोलणं झालं म्हणे. वीर म्हणत होता, सांगू या. मधुमती म्हणाली, "बंद झालंय ना? मग जे बंद झालंय ते कशाला उघडायचं? लग्न झालं, जबाबदारी आली की आठवणसुद्धा राहणार नाही." आपल्या लोकांचा हा एक कायमचा तोडगा. पोरगा पितो, लग्न करा. पोरगा चिडतो, लग्न करा. दुसऱ्याची मुलगी आणून आपल्या घराला औषध म्हणून लावायची, आणि बाटलीवर चिठ्ठी लावायची नाही.

साखरपुड्याची तारीख ठरत होती आणि इकडे मधुमतीच्या कोपऱ्यावरची बँक बंद झाली. ज्या ठिकाणी ती काठी घेऊन उभी राहायची त्याच्या बरोबर समोर. काही दिवस काचांना आतून कागद चिकटवलेले होते. मग एक दिवस नोटीस लागली. तिथे पैजेचं दुकान येणार होतं, आणि कुणाची हरकत असेल तर कौन्सिलला कळवायचं होतं.

तो कोपरा वीरच्या स्टेशनच्या वाटेवर होता. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा दारावरूनच जायचं. ज्या दुकानांत त्याने लिहून दिलं होतं ती सगळी दुसऱ्या कंपन्यांची. या नव्या दुकानाला वीर टिपणीस कोण हे माहीत नसणार होतं.

मधुमती पेटून उठली. शाळेच्या दारात उभी राहून आयांच्या सह्या घेतल्या. हेडमिस्ट्रेसचं पत्र मिळवलं. मंडळाच्या अध्यक्षांनी असं काही भरजरी इंग्रजी लिहून दिलं की वाचताना मला दम लागला. शाळेसमोर जुगार नको, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर हे नको, अशी सगळी भाषा. तिला एवढी तळमळ कशाची, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. मिसेस टी मुलांसाठी उभी राहणार नाही तर कोण? ऋजुता तर भारावून गेली होती. फोनवर आपल्या आईला सांगताना मी ऐकलं, "सॉलिड आहेत गं त्या. आपल्या सोसायटीत कोणी असं स्टँड घेतं का?"

मी मात्र नियम वाचले आणि मधुमतीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती कणीक मळत होती.

"तुझ्या सह्यांचा फार उपयोग नाही होणार," मी म्हटलं. "आधी बरं होतं. दुकान काढणाऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर सिद्ध करायला लागायचं की इथे दुकानाची गरज आहे. आता ते काढून टाकलंय. आता दुकान यायचंच, असं धरून चालायचं आणि लोकांनी सांगायचं, का नको ते. आणि 'का नको' याची उत्तरंसुद्धा सरकारनेच ठरवून दिलीत. जुगार वाईट असतो, हे उत्तर चालत नाही."

"मग काय चालतं?"

"मुलांना किंवा दुबळ्या माणसांना इजा होईल, हे चालतं. पण मोघम नाही. पुरावा लागतो. कुणाला, कशी, ते सांगता यायला हवं. असा कुणी माणूस आपल्या भागात असेल, ज्याला सवय आहे, सुटायला बघतोय, दार समोर आलं तर परत जाईल, तर त्याच्या घरच्यांनी येऊन बोललं पाहिजे. तेवढं एकच ऐकून घ्यावं लागेल त्यांना."

तिचे हात कणकेत थांबले. मग ती म्हणाली, "असं कोण येऊन सांगणार आहे, मंजू, चारचौघांत?"

मला वाटलं, ती सगळ्या जगाबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "हो ना. कोणी नाही सांगत." आणि चहा घेऊन घरी आले.

सुनावणी कौन्सिलच्या इमारतीत, एका लांबट खोलीत झाली. समोर तीन नगरसेवक, मधली अध्यक्ष बाई पांढऱ्या केसांची, चष्मा साखळीला. एका बाजूला कंपनीचा वकील, तरुण, नम्र, बोटं गुंफून बसलेला. दुसऱ्या बाजूला मधुमती. कोट नव्हता, मोतिया रंगाची साडी होती. मागच्या रांगांत आम्ही, मंडळाची डझनभर माणसं, काही आया आणि अर्धी रजा काढून मेडनहेडहून आलेली ऋजुता. वीर आला नव्हता. ऑफिसात काम आहे, असं सांगितलं होतं त्याने.

वकील छान बोलला. कायद्याला धरून चालणारी कंपनी. कमी वयाच्या कुणाला आत घेत नाहीत. कर्मचाऱ्यांना शिकवलेलं असतं. ज्याला स्वतःला आवर घालायचा आहे त्याला तशी सोय आहे. माणूस सज्ञान आहे आणि व्यवसाय कायदेशीर आहे, एवढं तो तीन-चार वेळा म्हणाला. कायदेशीर हा शब्द त्या खोलीत इतक्यांदा ऐकला की मला तो शब्दच नकोसा झाला.

मग मधुमती उभी राहिली. मुलांबद्दल बोलली, रहदारीबद्दल बोलली, शाळा सुटते तेव्हाच्या गर्दीबद्दल बोलली. तिचं इंग्रजी साधं आहे, पण रस्त्यावर कमावलेलं आहे, स्वच्छ ऐकू येतं.

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या, हे मला कबूल करायला हवं. त्या वाट शोधत होत्या. म्हणाल्या, "मिसेस टिपणीस, तुमच्या भावना मी समजू शकते, पण भावनांवर मला निर्णय देता येत नाही. तुम्ही लिहिलंय, दुर्बल व्यक्तींना या दुकानामुळे इजा होईल. मी नाव विचारत नाही. पण तुमच्या स्वतःच्या माहितीत अशी कुणी व्यक्ती आहे का, जिला ही इजा होईल?"

मधुमतीने मान वळवून मागे आमच्याकडे बघितलं. आमच्याकडे म्हणजे ऋजुताकडे. ऋजुता माझ्या शेजारीच होती. तिला वाटलं, बाई घाबरल्या. तिने हसून अंगठा वर केला. बोला, बोला, अशी मान हलवली.

मधुमती पुढे वळली आणि म्हणाली, "नाही. वैयक्तिक माहितीत नाही. मी समाजाच्या वतीने बोलते आहे."

अध्यक्ष बाईंनी चष्मा परत लावला. परवाना मिळाला. आमची हरकत अगदीच फुकट जाऊ नये म्हणून की काय, एक अट घातली गेली. शाळेची मुलं समोरून जातात, म्हणून दुकानाच्या काचा माणसाच्या उंचीपर्यंत दुधी कराव्या, आतलं बाहेरून दिसू नये.

मंडळाने याला विजय मानलं. आपल्या लोकांना विजय मानायला फार थोडं पुरतं. त्या वर्षी गणेशोत्सवात मधुमतीचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. अध्यक्षांनी सांगितलं की परदेशातल्या मराठी स्त्रीने कसं असावं याचं हे उदाहरण. वीरने पुढे बसून टाळ्या वाजवल्या. मधुमती दोन वाक्यं बोलली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेली. मी तिला विनयशील समजले.

दुकान उन्हाळ्यातच उघडलं होतं. पहिले काही आठवडे वीर मान खाली घालून पुढून जायचा. मग पाय रेंगाळायला लागले असणार. मधुमती दुपारी मुलांना रस्ता ओलांडून देताना सारखी समोर बघायची, पण काच दुधी होती. आत हलणाऱ्या सावल्या दिसायच्या, माणूस ओळखू येत नसे. तिच्याच हरकतीवरून लावलेली काच. तिने काहीच हरकत घेतली नसती तर निदान आपला मुलगा कुठे बसलाय ते तरी तिला दिसलं असतं.

दिवस लहान झाले तशी ती संध्याकाळची चालायला जायला लागली. गुडघ्यांसाठी, असं मला म्हणाली. एका संध्याकाळी त्या दारातून वीर बाहेर आला आणि समोर आई. तो म्हणाला, "फक्त बघायला गेलेलो, आई. स्कोअर बघायला." तिने विश्वास ठेवला नाही. पण पुण्याचा हॉल ठरला होता, विमानाची तिकिटं आली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिने त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली. वर्षाखेरीला लग्न झालं. मी स्वतः जाऊन आले. जिलब्या छान होत्या, आणि कन्यादान करताना ऋजुताच्या वडिलांना रडू आवरत नव्हतं.

पुढचं वर्ष ऋजुताचं त्या घरात कसं गेलं हे मी रोज बघत होते आणि तरी मला दिसलं नाही. पोरगी पहाटे निघायची, पॅडिंग्टनहून गाडी पकडून मेडनहेड गाठायची, अंधार पडल्यावर परत. घर घ्यायचं म्हणून दोघांचा पगार एका खात्यात. वीर हिशेब बघायचा, कारण तो विम्यातला. ती त्याच्यावर जीव टाकायची. मधुमतीशी तर तिचं असं जमलं होतं की माझ्या दोन्ही मुलींशी माझं तसं कधी जमलं नाही. दोघी रविवारी पुरणपोळ्या करायच्या, आणि मधुमती तिला माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी वागवायची. आता मला कळतं की त्या लाडात निम्मं प्रेम होतं आणि निम्मी भीती.

ऑक्टोबरात एक दिवस ऋजुताला ताप भरला म्हणून ती दुपारीच निघाली. स्टेशनातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर तिला वीर दिसला. तो त्या वेळी ऑफिसात असायला हवा होता. तिने हाक मारेपर्यंत तो दार ढकलून आत गेला. ही त्याच्या मागोमाग आत गेली.

काउंटरवर पन्नाशीची एक बाई होती. मनाने चांगली असावी. ऋजुताला दारात घुटमळताना बघून तिने विचारलं, कुणाला शोधतेस? ऋजुताने कोपऱ्यातल्या स्क्रीनसमोर पाठमोऱ्या बसलेल्या वीरकडे बोट दाखवलं. "तो होय? आमचा रोजचा आहे," बाई म्हणाली. "त्याची आई येते बहुतेक रोज संध्याकाळी त्याला न्यायला. फार गोड बाई. कधी आरडाओरडा नाही, काही नाही. खांद्याला हात लावते आणि घेऊन जाते. तिने एकदा आम्हाला विचारलं, त्याला आत घेऊ नका म्हणून मी लिहून देऊ का? पण गं, आईला नाही देता येत. ज्याचं त्यानेच द्यायला लागतं, आणि तो काही देत नाही. नियम आहे."

वीरची नोकरी उन्हाळ्यातच गेली होती. घरासाठीचं खातं रिकामं होतं. त्याने त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं, अगदी युनिव्हर्सिटीपासून. तो खोटारडा असेल, पण एकदा धरला गेला की काही लपवायचा नाही. लपवणारी दुसरीच होती.

तिसऱ्या दिवशी मधुमतीने मला बोलावून घेतलं. दार उघडलं ते माझ्या गळ्यात पडूनच, आणि तिथेच, बुटांच्या रॅकपाशी, मला पहिल्यांदा सगळं कळलं. अजूनही मला वाटतं, त्या दोन मिनिटांत मी दहा वर्षांनी म्हातारी झाले. "तू समजाव तिला," ती म्हणत होती. "तुझं ऐकेल ती. सोडून नको जाऊ म्हणावं. वीर संपेल गं तिच्याशिवाय."

ऋजुता स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. अंगात कोट, पायाशी बॅग. रडून झालेलं दिसत होतं. वीर वर होता. मी काय बोलणार? मी म्हटलं, "बाळा, तो आजारी आहे. आजारी माणसाला असं…"

"मला माहिती आहे काकू, तो आजारी आहे," ती म्हणाली. "मी काल पूर्ण दिवस तेच वाचत होते. त्याच्यावर मी चिडलेच नाहीये. खरंच." मग ती मधुमतीकडे वळली. "आई, मला एकच विचारायचंय. त्या दिवशी हिअरिंगला त्यांनी तुम्हाला विचारलं, अशी कोणी व्यक्ती माहितीत आहे का. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत."

मधुमतीने पदर सारखा केला.

"मला वाटलं तुम्ही नर्व्हस झालात. म्हणून मी अंगठा दाखवला. तुम्ही माझ्याकडे का बघत होतात?"

"तू ऐकशील म्हणून," मधुमती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. "तू होतीस तिथे. मंडळ होतं सगळं. लग्न मोडलं असतं गं."

ऋजुताने थोडा विचार केला. तिचा स्वभावच तसा, उत्तर नीट द्यायचं.

"नसतं मोडलं," ती म्हणाली. "मला तो आवडत होता. तेव्हा सांगितलं असतंत ना, तर मी बाबांशी भांडून लग्न केलं असतं त्याच्याशी. फक्त या घरात राहिले नसते. मेडनहेडला घर घेतलं असतं, पैसे माझ्याकडे ठेवले असते, त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले असते. आपण दोघी मिळून केलं असतं. तुम्ही मला ते करूच दिलं नाहीत. एक वर्ष तुम्ही रोज संध्याकाळी त्याला आणायला एकट्या जात होतात आणि घरी येऊन मला विचारत होतात, आमटी गरम करू का."

मधुमतीने टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता ती माफी मागेल. मनापासून वाटत होतं, मागावी. तिचे ओठ हललेही. पण जन्मभराची सवय तिच्या आधी बोलली.

"जायचंच असेल तर जा," ती म्हणाली. "पण मंडळात काय सांगू मी?"

मी डोळे मिटून घेतले. ऋजुता उठली, बॅगेचा दांडा वर ओढला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मेडनहेडला मोठा प्रोजेक्ट आहे म्हणून सांगा," ती म्हणाली. "तिकडेच राहायला लागतं म्हणावं. लोक विश्वास ठेवतात तुमच्यावर. मीही ठेवला होता."

ती वाकून मधुमतीच्या पाया पडली, माझ्या पडली, आणि गेली. वरच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज झाला, पण वीर खाली आला नाही. मधुमती तशीच टेबलाची कड धरून उभी होती. पुढच्या रविवारी मंडळात तिने प्रोजेक्टच सांगितला, आणि सगळ्यांना तो खरा वाटला.